पोलिसांपुढचा जबाब आणि न्यायालयातली साक्ष

अहमदपूर तालुक्यातील एका गावातून एका मुलीने आपल्या वडिलांसंबंधी प्रश्न विचारला आहे. २०२१ साली पेरणीच्या तोंडावर बांध कोरण्यावरून दोन कुटुंबांत मारामारी झाली आणि कुऱ्हाडीच्या घावाने एका शेतकऱ्याचा पाय मोडला. तिचे वडील त्या वेळी शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, होते. त्यांनी घटना पाहिली आणि आठवड्याच्या आत पोलिसांनी त्यांचा जबाब लिहून घेतला. दोषारोपपत्र त्याच वर्षी दाखल झाले, साक्षीचे समन्स मात्र आता आले आहे. मुख्य आरोपी वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा असल्याने भावकीतून रोज निरोप येत आहेत. वडील आता ६३ वर्षांचे आहेत. पायावर कुऱ्हाड बसली हे त्यांना स्पष्ट आठवते, पण तुंबा (कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू) लागला की पाते, हे आठवत नाही, आणि जबाबात मात्र ‘तुंब्याने मारले’ असे लिहिलेले असल्याचे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. जबाबात आहे तेच सांगावे लागते का, आठवले नाही तर खोटी साक्ष ठरते का, वकिलाच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे असते का, आणि त्याच रात्री वडिलांनी आईला सगळे सांगितले होते म्हणून आईलाही न्यायालयात नेतील का, असे तिचे प्रश्न आहेत.

मी तीस वर्षांहून अधिक काळ मराठवाड्यातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांत फौजदारी काम करीत आहे, आणि त्यातील बहुतेक काम बचाव पक्षाकडून केलेले आहे. साक्षीदाराला अडचणीचे प्रश्न विचारणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे, साक्ष नेमकी कोठे मोडते हे मी प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने पाहिले आहे, आणि या उत्तरात तेच प्रामुख्याने सांगणार आहे.

आधी कायदा कोणता, हे पाहू. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि १८७२ चा पुरावा कायदा रद्द झाला. परंतु त्या दिवशी जे खटले प्रलंबित होते त्यांना जुनाच कायदा लागू राहील अशी तरतूद नव्या अधिनियमाच्या कलम १७० मध्ये आहे. या खटल्याचे दोषारोपपत्र २०२१ चे असल्याने वडिलांची साक्ष जुन्या कायद्याप्रमाणे होईल. साक्षीदाराच्या दृष्टीने यामुळे फारसे काही बदलत नाही, कारण साक्षीसंबंधीचे नियम बहुतांशी तसेच ठेवून त्यांचे क्रमांक तेवढे बदलले आहेत. म्हणून खाली मी जुने क्रमांक देतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली लिहून घेतलेला जबाब हा पुरावा नसतो. तो शपथेवर दिलेला नसतो, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, आणि कलम १६२ नुसार त्याचा उपयोग अगदी मर्यादित कारणासाठीच करता येतो: साक्षीदार न्यायालयात जे सांगतो ते जबाबाशी विसंगत असेल तर ती विसंगती दाखवण्यासाठी. हा उपयोग आरोपीच्या वकिलाला करता येतो, आणि सरकार पक्षाला न्यायालयाच्या परवानगीनेच. याचा अर्थ असा की न्यायाधीश निकाल देताना जबाबावर विसंबत नाहीत; ते विसंबतात पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर बोललेल्या शब्दांवर. म्हणून जबाबात काय लिहिले आहे ते पाठ करून जाणे हे वडिलांचे कर्तव्य नाही. त्यांना आज जे आठवते, ते जसे आठवते तसे सांगणे एवढेच त्यांच्याकडून कायद्याला अपेक्षित आहे. मात्र त्या काळात त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन कलम १६४ खाली जबाब घेतला होता का, हे त्यांना आवर्जून विचारून घ्यावे. तो जबाब शपथेवर असतो आणि त्यापासून जाणूनबुजून फारकत घेण्याचे परिणाम वेगळे आहेत.

तुंबा की पाते, या प्रश्नाला महत्त्व आहे हे मी लपवणार नाही. दुखापतीचे कलम ठरवताना हत्यार कोणते होते आणि ते कसे वापरले याचा विचार होतो, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रातील जखमेचे वर्णन साक्षीशी ताडून पाहिले जाते. जखम बोथट हत्याराची आहे की धारदार, हे डॉक्टर सांगतील. ते काम वडिलांचे नाही. वडिलांनी ‘कुऱ्हाड पायावर बसलेली पाहिली, तुंबा होता की पाते ते आज आठवत नाही’ असे सांगितले तर ते संपूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. त्यानंतर सरकारी वकील न्यायालयाची परवानगी मागून जबाबातील तो भाग त्यांना वाचून दाखवू शकतील. तो ऐकून खरोखर आठवले तर तसे सांगावे. नाही आठवले तर नाही म्हणावे. ‘तेव्हा मी पोलिसांना जे सांगितले ते त्या वेळच्या आठवणीप्रमाणे खरे होते, आज मला तेवढे आठवत नाही’ हे उत्तर मी अनेक साक्षीदारांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यामुळे त्यांची साक्ष दुबळी झाली असे मला कधी दिसले नाही.

साक्ष चालू असताना तो जबाब हातात घेऊन वाचता येईल का, असाही प्रश्न येथे येतो. पुरावा कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे साक्षीदाराला स्मृती ताजी करण्यासाठी असाच मजकूर पाहता येतो जो त्याने स्वतः घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर लिहिला असेल, किंवा दुसऱ्याने लिहिलेला असला तरी त्या काळातच स्वतः वाचून बरोबर असल्याची खात्री केली असेल. डॉक्टर आपल्या नोंदी पाहून उत्तरे देतात ती याच आधारावर. पोलिसांनी लिहिलेला जबाब त्यात बसत नाही. साक्षीआधी बाहेर कोणी तो वाचून दाखवला का, हा प्रश्न उलटतपासणीत हमखास विचारला जातो. जे घडले असेल ते निःसंकोच सांगावे. पोलिसांनी किंवा कोणीही बसवून घेऊन तो घोकून घेऊ लागले, तर मात्र त्याला नकार द्यावा, कारण पढवलेला साक्षीदार असा शिक्का बसला की त्याचे खरे पाहणेही वाया जाते.

साक्षीचा पहिला टप्पा सरतपासणीचा. त्यात सरकारी वकील प्रश्न विचारतात आणि उत्तर सुचवणारे प्रश्न विचारण्यास त्यांना कलम १४२ ची मनाई असते; नाव, गाव, धंदा अशा प्रास्ताविक किंवा निर्विवाद गोष्टी तेवढ्या सुटतात. त्यामुळे ‘आरोपीने कुऱ्हाड उगारली ना?’ असे ते विचारू शकत नाहीत, ‘मग काय झाले?’ असे विचारतात. येथे साक्षीदाराने आपल्या भाषेत, आपल्या क्रमाने बोलावे. वेळ आणि अंतर यांबद्दल मला थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण आपल्या भागातील साक्षी सर्वाधिक तेथेच अडखळतात. शेतातला माणूस घड्याळाकडे पाहून मारामारी पाहत नाही. तो सांगतो, ‘दिवस कासराभर वर आला होता’ आणि ‘मी हाकेच्या अंतरावर होतो’. नोंद घेताना त्याचे ‘सकाळी ८ च्या सुमारास’ आणि ‘१०० फुटांवर’ होते, आणि मग पुढे कोणीतरी विचारते की जबाबात तर ७ वाजता असे आहे आणि नकाशात अंतर २०० फूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या १९८३ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी नसते, वेळेचे अंदाज हे बहुधा प्रश्नाच्या क्षणी बांधलेले अंदाजच असतात, आणि अशा किरकोळ तफावतींवरून साक्ष फेटाळू नये. पण हे निकालाच्या वेळी कामी येते. पिंजऱ्यात घाबरलेल्या माणसाला त्याचा आधार नसतो. म्हणून वडिलांनी कासरा म्हणायचे असेल तर कासराच म्हणावे, आकडा कोणी मागितला तर ‘अंदाजे’ हा शब्द आधी वापरावा, आणि अंदाज बांधता येत नसेल तर तसे सांगावे. अंतर दाखवायचे असेल तर न्यायालयाच्या दालनातील भिंतीपर्यंत किंवा बाहेरच्या झाडापर्यंत एवढे, असे हाताने दाखवण्यासही काही हरकत नाही. न्यायाधीश त्याची नोंद घेतात.

दुसरा नियम ऐकीव पुराव्याचा. कलम ६० म्हणते की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे: पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ज्याने पाहिली त्याने, ऐकण्याजोगी असेल तर ज्याने ऐकली त्याने सांगावी. भांडणाचे मूळ काय, बांध आधी कोणी कोरला, मोजणीत काय निघाले, हे वडिलांना गावाच्या बोलण्यातून माहीत असेल, पण ते त्यांचे पाहणे नाही. ‘गावात सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य साक्षीत निरुपयोगी असते. याउलट मार बसताच जखमी ओरडून काय बोलला, हे वडिलांनी स्वतः ऐकले असेल तर ते सांगता येते, कारण घटनेच्या ओघातच निघालेले शब्द कलम ६ प्रमाणे त्या घटनेचाच भाग मानले जातात.

आईचा प्रश्न याच नियमाला लागून येतो आणि तो दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. आईने मारामारी पाहिलेली नाही, त्यामुळे मारामारीची साक्षीदार म्हणून तिचा उपयोग नाही. मात्र कलम १५७ प्रमाणे साक्षीदाराने घटनेच्या सुमारास दुसऱ्याला जे सांगितले ते त्याच्या आजच्या साक्षीला पुष्टी म्हणून सिद्ध करता येते. त्याच रात्रीचे बोलणे त्यात बसू शकते. पण ते बोलणे नवरा-बायकोमधले आहे, आणि विवाहसंबंध असताना जोडीदाराने केलेले कथन उघड करण्यास कलम १२२ परवानगी देत नाही, जोवर ज्याने ते केले तो स्वतः संमती देत नाही. त्याला अपवाद पती-पत्नींमधल्या आपसातल्या दाव्यांचा आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यांचा आहे. हा खटला तसा नाही. तेव्हा वडिलांची संमती असल्याशिवाय आईला हे विचारता येणार नाही. माझ्या अनुभवात अशा दुखापतीच्या खटल्यांत कोणी आईला बोलावण्याच्या फंदात पडत नाही. तिने काळजी करू नये.

आता उलटतपासणी. येथे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारलेच जातील. प्रश्न तीन जातींचे असतात, आणि प्रत्येक जातीला वेगळे उत्तर द्यावे लागते.

पहिली जात जबाबातील उणिवांची. वडिलांनी न्यायालयात सांगितलेली एखादी गोष्ट जबाबात नसेल तर वकील विचारतील, ‘हे आपण पोलिसांना सांगितले होते का? मग ते जबाबात का नाही?’ सांगितले असेल तर ‘मी सांगितले होते, ते का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही’ एवढेच उत्तर आहे. पोलिसांच्या वतीने कारण शोधू नये. सांगितले नसेल तर ‘सांगितले नव्हते’ म्हणावे. प्रत्येक उणीव विसंगती ठरत नाही. तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५९ च्या निकालात या विषयाची सविस्तर चर्चा झाली, आणि आता संहितेतच असे स्पष्टीकरण आहे की उणीव महत्त्वाची आणि त्या संदर्भात अर्थपूर्ण असेल तरच ती विसंगतीइतकी मानावी. तेही त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीप्रमाणे ठरते.

दुसरी जात एकात दोन प्रश्न गुंफण्याची. ‘तुम्ही आखाड्यावरून निघालात तेव्हा भांडण मिटले होते आणि तुम्ही फक्त पळणारी माणसे पाहिलीत, बरोबर?’ येथे पळणारी माणसे पाहिलेली असतील, म्हणून साक्षीदार ‘हो’ म्हणतो आणि त्याबरोबर भांडण मिटल्याचेही कबूल करून बसतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच द्यावे असा कोणताही कायदा नाही. प्रश्नाचे दोन भाग आहेत, एक खरा आहे आणि एक नाही, असे न्यायाधीशांकडे पाहून शांतपणे सांगता येते. समजला नसेल तर पुन्हा विचारायला सांगावे. कितीही वेळा सांगितले तरी त्यात कमीपणा नाही.

तिसरी जात सूचनांची, आणि वयस्क साक्षीदार सर्वाधिक दुखावतात ते येथे. ‘आपण घटनास्थळी नव्हतात’, ‘जमिनीच्या वैरामुळे आपण आज खोटे सांगत आहात’ असे वकील म्हणतात आणि नोंदीत ‘हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे’ असे वाक्य येते. हा वडिलांचा अपमान नसतो. आरोपीची बाजू साक्षीदारापुढे मांडून त्याला उत्तराची संधी देणे हे बचाव पक्षावर बंधनकारक असते. ते न केल्यास साक्षीदाराचे म्हणणे मान्य केले असे धरले जाऊ शकते. म्हणून चिडून वाद घालू नये, ‘खरे नाही’ म्हणून थांबावे. प्रश्न अश्लील किंवा निव्वळ अवमानासाठी विचारलेला असेल तर कलम १५१ आणि १५२ खाली न्यायालय तो थांबवू शकते, आणि कलम १६५ प्रमाणे न्यायाधीश स्वतः कोणताही प्रश्न विचारू शकतात. त्यांचे प्रश्न ही शत्रूची बाजू समजू नये.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक खटला मी विसरलेलो नाही. रात्रीच्या हल्ल्याचा एकमेव पाहणारा एक शेतकरी होता. कोजागरीच्या आसपासचे चांदणे होते, हल्लेखोर त्याच्याच गल्लीतले होते, त्यांचे आवाज आणि चाल त्याला लहानपणापासून ठाऊक होती. एवढ्यावर ओळख पटते हे न्यायालये मान्य करतात. पण कोणीतरी त्याला सल्ला दिला की उजेडाचे विचारतील, म्हणून त्याने साक्षीत ‘हातातल्या बॅटरीच्या उजेडात पाहिले’ असे एक वाक्य वाढवले. जबाबात बॅटरी नव्हती, पंचनाम्यात नव्हती, जप्तीत नव्हती. आरोपीचा वकील मी होतो. मी ती उणीव नोंदीवर आणली, आणि आरोपी सुटले. आपल्याकडे एक भाग खोटा म्हणजे सगळेच खोटे हा नियम मानला जात नाही, न्यायालयाने दाणे आणि भुसा वेगळे करावेत अशी अपेक्षा असते; पण दुसरा पुरावाच नसताना त्या एका वाक्याने बाकीचेही संशयास्पद झाले. त्या माणसाने खरोखर पाहिले असावे असे मला आजही वाटते. न पाहिलेल्या एका गोष्टीने त्याचे पाहणे पुसले गेले. वडिलांना कोणी ‘एवढे एक वाक्य घाला’ म्हणाले, मग ते सरकार पक्षाच्या बाजूचे असोत की भावकीतले, तर त्यांना हा प्रसंग सांगावा.

भावकीच्या निरोपांबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वडिलांनी ‘मी काही पाहिलेच नाही’ असे म्हणावे अशी मागणी असेल, तर त्याचा परिणाम असा होईल की सरकारी वकील कलम १५४ खाली परवानगी घेऊन त्यांनाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारतील. याला लोक ‘साक्षीदार फुटला’ किंवा ‘फितूर झाला’ म्हणतात. फुटलेल्या साक्षीदाराचे सगळे बोलणे नोंदीतून पुसले जाते असा समज आहे, तो चुकीचा आहे. भगवान सिंग विरुद्ध हरयाणा राज्य आणि सतपाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७६ साली प्रकाशित झालेल्या निकालांपासून हे स्पष्ट आहे की त्यातील विश्वासार्ह भाग न्यायालय वापरू शकते. म्हणजे आरोपीला सुटका मिळेलच असे नाही, आणि जाणूनबुजून खोटे बोलल्याचे दिसल्यास वडिलांवर खोट्या साक्षीची कारवाई मात्र होऊ शकते, ज्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. आठवत नाही म्हणणे हा गुन्हा नाही. आठवत असताना नाही म्हणणे हा आहे.

दोन्ही कुटुंबांना खरोखर मिटवायचे असेल तर त्याचा रस्ता साक्षीदारातून जात नाही. दोषारोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ (गंभीर दुखापत) खाली असेल तर जखमी व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते. कलम ३२६ (धारदार किंवा घातक हत्याराने केलेली गंभीर दुखापत) खाली असेल तर येत नाही. तुंबा आणि पाते यांचा प्रश्न भावकीला एवढा जिव्हाळ्याचा का झाला आहे, हे यावरून लक्षात येईल. धमक्यांपर्यंत गोष्ट गेली तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करता येतो. महेंद्र चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना देशभर बंधनकारक केली; जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती त्यावर निर्णय देते आणि पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते.

समन्स आल्यावर न जाणे हा पर्याय नाही. तसे केल्यास वॉरंट निघते, सहसा आधी जामीनपात्र. तब्येतीची अडचण असेल तर वैद्यकीय कागद जोडून आधी कळवावे. हजर असलेल्या साक्षीदाराची साक्ष खास कारणाशिवाय पुढे ढकलू नये असे संहितेचे कलम ३०९ सांगते, आणि सरतपासणी होऊन उलटतपासणी महिनोन्‌महिने लांबवण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या निकालात कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आहे. तरीही पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख, पडू शकते. त्या मधल्या काळात दबाव सर्वाधिक वाढतो, म्हणून पहिल्याच दिवशी उलटतपासणीही पूर्ण व्हावी अशी विनंती सरकारी वकिलांमार्फत जरूर करावी.

साक्ष संपल्यावर नोंद वाचून दाखवली जाते. थकलेले साक्षीदार येथे न ऐकता सही करतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ प्रमाणे चूक असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क वडिलांना आहे, आणि न्यायाधीशांनी दुरुस्ती केली नाही तरी त्यांच्या हरकतीची नोंद घेता येते. ‘आठवत नाही’चे ‘पाहिले नाही’ झाले आहे का, ‘अंदाजे’ गळून पडले आहे का, कासऱ्याचा तास झाला आहे का, हे त्यांनी कान देऊन ऐकावे, आणि मगच सही करावी. निघण्यापूर्वी प्रवासखर्च आणि भत्त्याचा अर्ज कार्यालयात द्यावा. सरकार पक्षाच्या साक्षीदाराला तो देण्याची तरतूद कलम ३१२ मध्ये आहे, आणि त्यासाठी समन्सची प्रत आणि एसटीचे तिकीट जवळ ठेवावे.